इंग्लंडला आलं की संध्याकाळ मोकळी मिळते का?

नाशिकच्या एका डेंटिस्ट मुलीने विचारलंय: "ताई, स्वतःचं क्लिनिक आहे. सकाळी १० ते १:३०, संध्याकाळी ५ ते ९:३०. लेक ४ वर्षांची, मी पोचते तेव्हा ती झोपलेली असते. मान धरते ती वेगळीच. ओआरई, म्हणजे परदेशी डेंटिस्टसाठीची तिकडच्या नोंदणीची परीक्षा, देऊन इंग्लंडला यावं म्हणते. तिकडे खरंच साडेपाचला घरी जाता येतं का?"

येतं. मी जाते. पण तिथवर पोचायला मला तीन वर्षं लागली, आणि त्यातलं पहिलं वर्ष माझ्या सांगलीतल्या क्लिनिकपेक्षा वाईट गेलं.

परीक्षेबद्दल थोडक्यात. पार्ट वन लेखी, पार्ट टू प्रॅक्टिकल, म्हणजे पुन्हा फँटम हेड, म्हणजे सरावाचं नकली डोकं, आणि प्लॅस्टिकचे दात. पार्ट वनला पहिल्यांदा बसलीस की तिथून पाच वर्षांत पार्ट टू सुटायला हवी. प्रत्येक पार्टला चारच संधी. परीक्षेच्या जागा मोजक्या असतात, त्यामुळे अभ्यासापेक्षा जागा मिळवण्यात जीव जातो. ही वर्षं क्लिनिक सांभाळून काढायची आहेत, म्हणजे संध्याकाळ आधी आणखी जाणार, हे घरी सांगून ठेव.

आता खरी गोष्ट. इंग्लंडात २००६ पासून एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, दंतोपचारांचा हिशेब युडीएवर (युनिट ऑफ डेंटल अ‍ॅक्टिव्हिटी, कामाचे गुण म्हण) चालतो. तपासणीला १, फिलिंगला ३, क्राउन किंवा डेन्चरला १२. मी २०१६ ला लागले तेव्हा एक फिलिंग केलं तरी ३ आणि त्याच पेशंटची पाच फिलिंग्ज करून वर दाढेची आरसीटी (रूट कॅनाल) केली तरी तेच ३. नोव्हेंबर २०२२ पासून दाढेच्या आरसीटीला ७ मिळतात. सुधारणा आहे, पण घड्याळ तसंच टिकटिकतं.

माझ्या पहिल्या करारात वर्षाला ६,००० युडीए होते. काम मिळाल्याच्या आनंदात आकडा वाचला आणि सही केली. भागाकार केलाच नाही. वर्षाचे ४५ आठवडे, आठवड्याचे पाच दिवस धर, रोजचे जवळपास २७ होतात. त्यात एखादी आजी कवळी टोचते म्हणून येते, खुर्चीत बसल्यावर आधी गेलेल्या नवऱ्याबद्दल बोलते. तिला थांबवायचं कसं? मी थांबवत नसे, मग जेवणाची सुट्टी त्यात जायची. वर नोंदी. इथे लिहिलं नाही म्हणजे केलंच नाही. दिवे मालवलेल्या प्रॅक्टिसमध्ये सात-सात वाजेपर्यंत एकटी टाइप करत बसायचे. हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं. फेब्रुवारीत एका सकाळी माझ्या मॉनिटरवर पिवळी चिठ्ठी चिकटवलेली दिसली, त्यावर फक्त '४१२'. इतके बाकी. प्रॅक्टिसचं काम ९६ टक्क्यांच्या खाली गेलं की एनएचएस पैसे परत मागते, आणि ती वसुली झिरपत असोसिएटपर्यंत, म्हणजे दुसऱ्याच्या प्रॅक्टिसमध्ये कराराने काम करणाऱ्या माझ्यासारख्या डेंटिस्टपर्यंत, येते. त्या महिन्यात मी तापातही गेले, कारण असोसिएट बहुतेक पगारी नसते, स्वतःच्या जबाबदारीवर काम करते. सुट्टीच्या दिवसाचे पैसे नाहीत, टार्गेट मात्र तेवढंच.

२०१९ ला मी बोलायचं धाडस केलं. चार दिवस, ४,००० युडीए. रोजचे २२. कमाई तिसऱ्या हिश्श्याने घटली. गाडी जुनीच ठेवली, सांगलीची फेरी एक वर्षाआड केली. बुधवार माझा झाला. मला हे जमलं कारण मी नवऱ्याच्या व्हिसावर होते. तू स्वतःच्या व्हिसावर येणार असशील तर पगारी नोकरी बघावी लागेल. तिथे पगाराची किमान अट असते, त्यामुळे मनात आलं म्हणून दिवस कमी करता येत नाहीत. हा फरक एजंट सांगत नाहीत.

मानेचं मात्र इथे नक्की बरं होईल. कारण हवापाणी नव्हे, डेंटल नर्स. पेशंटवर काम करताना शेजारी प्रशिक्षित माणूस हवंच, हा इथला दंडक. सक्शन तिच्या हातात, गाल तिने ओढलेला, मला आरशात बघत ताठ बसता येतं. सांगलीत मी एका हाताने गाल ओढून, वाकडी होऊन वरच्या अक्कलदाढेत डोकावायची.

आणि एक विचारू? नऊ वाजून दहा मिनिटांनी शटरखालून वाकून कुणी "मॅडम, फक्त बघा" म्हणतो, त्याला तू काय सांगतेस? आत घेत असशील, तर इथे पाच वीसला सुजलेला गाल घेऊन आलेल्यालाही घेशील. मी घेतच होते. परीक्षेची फी भरण्याआधी तीन महिने मंगळवार आणि गुरुवार सात वाजता क्लिनिक बंद करून बघ. रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या दाताच्या फोटोला सकाळी उत्तर दे. किती पेशंट खरंच दुसरीकडे जातात ते वहीत लिही. मी हे तिथे कधी केलं नाही, त्यामुळे सांगलीत जमलं असतं का ते मला आजही ठाऊक नाही.

तरी यायचं ठरलंच तर करार हातात आल्यावर आधी तीन गोष्टी बघ: वर्षाचे युडीए, कामाचे दिवस, आणि तू आजारी पडलीस तर बदली डॉक्टर कुणी शोधायचा. बऱ्याच करारांत तो तुलाच शोधायचा असतो. आणि लूप्स, म्हणजे वाकावं लागू नये म्हणून लावायचा भिंगाचा चष्मा, आत्ताच घे, नाशिकमध्येच. मान इथे येईपर्यंत थांबणार नाही.