विद्राव्यता प्राचल : सूत्र बरोबर, एकक चूक

प्रश्न : प्रकल्पासाठी मी एक्सेलमध्ये टोल्यूइनचा हिल्डेब्रँड विद्राव्यता प्राचल (कोणता पदार्थ कोणत्या द्रवात विरघळेल याचा अंदाज देणारा आकडा) काढत आहे, परंतु उत्तराच्या चौकटीत आकड्याऐवजी त्रुटीचा संदेश उमटतो. सूत्र पुस्तकाप्रमाणेच आहे. काय चुकत असावे?

उत्तर : बहुधा एकक चुकले आहे. बाष्पीभवनाच्या एन्थाल्पीतून (एक मोल द्रवाची वाफ करायला लागणाऱ्या उष्णतेतून) वायुस्थिरांक आणि तापमान यांचा गुणाकार वजा करून, बाकीला मोलर आकारमानाने भागून वर्गमूळ घ्यायचे असते. एन्थाल्पी किलोज्यूलमध्ये म्हणून नुसती ३८ भरली असेल, तर तिच्यातून २४७९ ज्यूल वजा होऊन बाकी ऋण येते आणि ऋण संख्येचे वर्गमूळ एक्सेल देत नाही. तेथे ३८००० ज्यूल भरा; आकारमान १०६.८ घनसेंटीमीटर धरल्यास उत्तर सुमारे १८.२ येईल व त्याचे एकक मेगापास्कलचे वर्गमूळ असेल. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. मला खरी काळजी वाटते ती तापमानाची, कारण २९८.१५ केल्विनऐवजी २५ लिहिले, तर १८.८ असे अगदी पटण्याजोगे उत्तर मिळते आणि तेच प्रबंधात छापले जाते. म्हणून प्रत्येक रकान्याच्या शीर्षकातच एकक लिहावे. पुढे हॅन्सेनचे तीन प्राचल (विद्राव्यतेचे डिस्पर्शन, ध्रुवीय आणि हायड्रोजन-बंध असे तीन घटक) घेऊन दोन पदार्थांमधील अंतर काढाल, तेव्हा डिस्पर्शन घटकांतील फरकाच्या वर्गाला ४ ने गुणायचे असते, हेही ध्यानात असू द्यावे.