गॅरेजची खोली करायची, तर आधी पाणी बघा
घरबांधणी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बेळगावात टिळकवाडीत आमचे दुमजली घर आहे. वडिलांना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, म्हणून 10 बाय 18 फुटांच्या गॅरेजमध्ये त्यांची खोली करायची आहे. गवंडी म्हणतो, शटर काढून भिंत बांधू आणि आहे त्याच कोब्यावर फरशी टाकू, पंधरा दिवसांत खोली तयार. गॅरेजची जमीन घरापेक्षा 9 इंच खाली आहे, शटरकडे तिला आणखी 3 इंच उतार आहे. छत आतल्या बाजूला साडेनऊ फुटांवर आहे.

उत्तर : आहे त्या कोब्यावर फरशी टाकू नका. गॅरेज बांधताना गाडी धुतलेले पाणी बाहेर जावे एवढाच हिशेब असतो. कोबा पातळ, त्याखाली ओल अडवणारा थर नाही आणि जोते घरापेक्षा खाली. अशा जमिनीवर टाकलेली फरशी मे महिन्यात छान दिसते. जुलै-ऑगस्टमध्ये बेळगावच्या विहिरी वर आल्या की सांध्यांतून ओल फुटते, पलंगाखाली बुरशीचा वास सुटतो.

काम ठरवण्याआधी एक परीक्षा घ्या. दीड फूट चौकोनी प्लास्टिकचा कागद कोब्यावर पसरा, चारही कडा रुंद चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि एक दिवस-रात्र तसाच राहू द्या. कागदाच्या खालच्या अंगाला थेंब दिसले किंवा तेवढाच कोबा काळपट झाला, तर ओल जमिनीतून येते. थेंब फक्त वरच्या अंगाला असतील तर तो हवेतला दमटपणा. ही परीक्षा उन्हाळ्यात खोटा दिलासा देते. जमले तर पावसाळ्यात घ्या आणि काम दिवाळीनंतर काढा.

आता पातळी. जमीन घराला समतल करायला 9 इंच भर घातली, तर छताची उंची पावणेनऊ फूट राहते. राहत्या खोलीला 2.75 मीटर, म्हणजे सुमारे 9 फूट, उंची हवी असा राष्ट्रीय बांधकाम संहितेचा दंडक आहे. म्हणून आतल्या बाजूला 6 इंच आणि शटरकडे 9 इंच भर घाला. घराच्या दारात 3 इंचांचा फरक उरेल. तिथे पायरी नको. 3 फूट लांबीचा उतार करा, म्हणजे एकास बारा प्रमाण बसते आणि वॉकर किंवा चाकाची खुर्ची विनासायास जाते. दारही 3 फूट रुंद ठेवा.

थर असे : तेलाचे डाग खरवडून कोबा साफ करा. शटरकडच्या उतारावर मुरूम पाचरीसारखा भरा (सुटा साधारण 30 घनफूट), पाणी मारून धुम्मस करा, म्हणजे ठोकून घट्ट दाबा. वर वाळूचा हात फिरवा, म्हणजे टोकदार खडा कागद फाडणार नाही. मग 250 मायक्रॉनचा प्लास्टिक कागद. सांध्यावर 6 इंच एकावर एक, आणि भिंतीवर नव्या फरशीच्या वर येईल इतका चढवलेला. गवंडी हा कागद कोपऱ्यात कापून मोकळा होतो, आणि ओल नेमकी तिथूनच वर येते. तिथे उभे राहून काम करून घ्या. कागदावर 4 इंच काँक्रीट, 1:2:4. त्याला 11 पोती सिमेंट, 27 घनफूट वाळू किंवा एम सँड (दगड भरडून केलेली वाळू) आणि 54 घनफूट 20 मिलिमीटरची खडी लागेल. काँक्रीट 9 फुटांवर सांधा ठेवून दोन भागांत ओता, नाहीतर तडा स्वतःच जागा शोधतो. किमान सात दिवस पाणी धरा. उरलेल्या 2 इंचांत माल आणि फरशी बसते. फरशी खडबडीत पृष्ठाची घ्या, चकचकीत नको.

शटरच्या जागची भिंत नुसत्या कोब्यावर उभी करू नका, ती खचते. शटर काढून कठीण मुरूम लागेपर्यंत, निदान 2 फूट खोल चर घ्या. तळाला 4 इंच काँक्रीट, वर बांधकाम, जोत्याला 6 बाय 9 इंचांचा बीम. त्यात 10 मिलिमीटरच्या चार सळ्या, 6 इंचांवर 8 मिलिमीटरच्या रिंगा. सळ्यांची टोके कॉलममध्ये भोके पाडून रासायनिक अँकरने (सळई भोकात पक्की धरणाऱ्या चिकट रसायनाने) बसवा. शटर 9 बाय 7 फूट आणि त्यात 5 बाय 4 फुटांची खिडकी धरली, तर 16 बाय 8 बाय 6 इंचांचे 50 ते 55 ब्लॉक पुरतात. जुन्या कॉलमला नवी भिंत भिडते तिथे गिलाव्याआधी दोन्ही बाजूंना 6-6 इंच कोंबडी जाळी ठोका.

एवढी एक खिडकी पुरणार नाही. आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात उघडणारी जागा जमिनीच्या निदान आठव्या भागाइतकी हवी. तुमच्या 180 चौरस फुटांना साडेबावीस चौरस फूट. समोरच्या भिंतीत छतालगत एक झडप ठेवा, हवा खेळेल. बाहेर शटरसमोरचा उतार रस्त्याकडेच हवा. पुनःपुन्हा डांबर पडून रस्ता वर आला असेल, तर दारापुढे 6 इंच रुंद जाळीची गटार घालून ती बाजूच्या नालीला जोडा.

प्रश्न : खानापूरला चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतींचे जुने गॅरेज आहे. खोली करून गेल्या वर्षी पुट्टी आणि ऑइल पेंट केला. यंदा पापुद्रे सुटले, खाली पांढरी भुकटी दिसते.

उत्तर : हा लोणा आहे. चिरा सच्छिद्र असतो. तो जमिनीतले आणि झडीचे पाणी शोषतो आणि ते हवेत सोडून वाळतो. ऑइल पेंटने त्याचे तोंड बंद झाले. आत अडकलेले पाणी क्षार घेऊन रंगामागे जमते, क्षारांचे स्फटिक फुगतात आणि रंगाला ढकलून देतात. आणखी महागडा वॉटरप्रूफ रंग लावलात, तर पापुद्रे आणखी मोठे पडतील.

आधी पाणी कुठून येते ते पाहा. भिंतीबाहेरची माती आतल्या जमिनीपेक्षा वर असेल, तर ती काढून निदान 6 इंच खाली न्या. पागोळ्या भिंतीच्या पायाशी पडत असतील तर पन्हळ लावा. पश्चिमेकडून झड येते, तिकडचे छप्पर दीड-दोन फूट पुढे काढा. मग ओलीच्या रेषेच्या वर एक फुटापर्यंत सगळा गिलावा उतरवा. लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढा, धुऊ नका. धुतले की क्षार विरघळून पुन्हा चिऱ्यात शिरतात. उन्हाळ्याचे दोन महिने भिंत उघडी ठेवा. नंतर एकास तीन चुना-वाळूचा गिलावा, वर चुन्याची सफेदी. चिऱ्याला चुनाच मानवतो. नवे गिऱ्हाईक मिळावे म्हणून कुणी सिमेंटचा गिलावा सुचवला तरी ऐकू नका.

प्रश्न : निपाणीत गॅरेजवर सिमेंटचे जुने पत्रे आहेत. खोली केली, पण एप्रिलमध्ये आत बसवत नाही. पत्र्याला भोके पाडून पंखा लावावा का?

उत्तर : पत्र्याला ड्रिल, करवत किंवा तारेचा ब्रश लावू नका. जुन्या सिमेंट पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतो आणि त्याची बारीक तुसे फुप्फुसात गेली की बाहेर निघत नाहीत. पत्रे धड असतील तर राहू द्या. पंखा भिंतीपासून भिंतीपर्यंत स्वतंत्र लोखंडी पाइप टाकून त्याला टांगा. पत्र्याखाली 6 इंच पोकळी सोडून छत करा, छतावर 50 मिलिमीटर रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी तंतूंची गादी) पसरा. पोकळीतली हवा निघून जायला दोन्ही टोकांच्या भिंतींत जाळीच्या खिडक्या हव्यातच. पोकळी बंद राहिली तर निम्मा फायदा जातो. पत्रे बदलायचेच असतील तर आधी पाण्याने भिजवा, बोल्ट सोडवून अख्खे उतरवा, फोडू नका.

प्रश्न : वडगावात शटर काढून बांधलेल्या भिंतीला कॉलमशेजारी उभी भेग पडली. दोनदा सिमेंटने बुजवली.

उत्तर : बळ्ळारी नाल्याकडची ती काळी माती आहे. उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, आणि उथळ पायाची भिंत तिच्याबरोबर हलते. भेगेच्या दोन्ही टोकांवर पेन्सिलने रेघ आणि तारीख टाका. मेमध्ये आणि ऑगस्टमध्ये पट्टीने रुंदी मोजा. रुंदी ऋतूप्रमाणे कमीजास्त होत असेल, तर भेग इंग्रजी व्हीच्या आकारात खोदून लवचिक पॉलियुरेथेन सीलंट भरा. सिमेंट कडक, ते पुन्हा फुटणारच. भिंतीबाहेर 3 फूट रुंद पक्का पट्टा करून पाणी पायापासून दूर न्या. भेग तिरकी, पायऱ्यांसारखी किंवा 5 मिलिमीटरहून रुंद असेल, तर सीलंटवर पैसे घालवू नका, अभियंत्याला दाखवा.

प्रश्न : बेळगावातल्या शहापूरला गॅरेजमध्ये शिकवणी सुरू करायची आहे. परवानगी लागते का?

उत्तर : लागते. मंजूर नकाशात ती जागा वाहनासाठी दाखवलेली असते, तेव्हा महानगरपालिकेकडून सुधारित नकाशा मंजूर करून घ्या. गॅरेज बाजूच्या मोकळ्या सोडायच्या जागेत असेल तर हे आधी तपासा, कारण तिथे राहती खोली सहसा बसत नाही. शिकवणी हा व्यवसाय, म्हणून मालमत्ता कराच्या विवरणात वापरातला बदल दाखवा आणि हेस्कॉम या वीज कंपनीलाही कळवा. आलेली नोटीस कन्नडमध्ये आहे म्हणून बाजूला टाकू नका. त्याच दिवशी कुणाकडून वाचून घ्या, मुदत तारखेपासून धावते.

प्रश्न : अनगोळ. गॅरेजच्या खोलीला जोडून न्हाणी केली आहे. तिथे गॅस गीझर चालेल का?

उत्तर : न्हाणीच्या आत मुळीच नको. बंद जागेत तो प्राणवायू संपवतो आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नाही, माणूस अंघोळ करता करताच कोसळतो. गीझर बाहेरच्या उघड्या भिंतीवर, वर पत्र्याची सावली करून बसवा आणि फक्त गरम पाण्याची नळी आत आणा. विजेचा घेणार असाल तर त्याला 4 चौरस मिलिमीटरची वेगळी तार, स्वतःचा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा खटका), पक्के अर्थिंग आणि 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा खटका) हवा. इन्व्हर्टरची बॅटरी झोपायच्या खोलीत ठेवली असेल तर तीही बाहेर काढा. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते.