अमेरिकेने एवढं करूनही हैती का सावरत नाही?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेने हैतीत सैन्य पाठवलं, पैसा ओतला, राजदूत आणि खास दूत धाडले, तरी तो देश पुन्हा पुन्हा कोसळतो कसा? आणि मग अमेरिकेने तिथून अंग काढून घ्यावं का?

मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो. बोस्टनच्या आसपास हैतीचे लोक खूप आहेत, माझ्या कामावरही आहेत. त्यामुळे हा विषय माझ्या कानावर बातम्यांआधी जेवणाच्या सुट्टीत पडतो. त्यांच्यात आपसांत कडाक्याचे मतभेद असतात, पण एका बाबतीत सगळे एकमुखाने बोलतात: राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सच्या खुर्चीवर कोण टिकणार हे मतपेटीपेक्षा वॉशिंग्टनमध्ये जास्त ठरतं. मलाही रोगाचं मूळ तिथेच दिसतं. ज्याला खुर्ची दूतावासाच्या कृपेने मिळते, तो मतदाराकडे कशाला बघेल?

सुरुवात उलट्या बाजूने झाली, ढवळाढवळीने नाही तर पाठ फिरवण्याने. १ जानेवारी १८०४ ला गुलामांनी फ्रेंचांना हाकलून हैती स्वतंत्र केला. अमेरिकेने त्याला मान्यता दिली १८६२ मध्ये, म्हणजे ५८ वर्षांनी, लिंकनच्या काळात आणि दक्षिणेची गुलामवादी राज्यं फुटून गेल्यावर. मधल्या काळात फ्रान्सने १८२५ मध्ये युद्धनौका उभ्या करून मान्यतेची किंमत लावली, १५ कोटी फ्रँक. पुढे ती ९ कोटींवर आली, पण ती फेडायला काढलेली कर्जं देशाच्या मानगुटीवर पिढ्यान्‌पिढ्या बसली. फ्रेंच मालकांची मालमत्ता गेली म्हणून भरपाई, आणि त्या मालमत्तेत गुलाम माणसंही धरलेली! इतिहासात यापेक्षा निर्लज्ज बिल मी पाहिलेलं नाही.

तरीही हैतीचे मुत्सद्दी कच्चे नव्हते. १८९१ चा एक प्रसंग मला फार आवडतो. अमेरिकेला वायव्य टोकाचं मोल सँ-निकोला हे बंदर आरमारी तळासाठी हवं होतं. तिथे अमेरिकेचे राजनैतिक प्रतिनिधी होते फ्रेडरिक डग्लस, स्वतः गुलामगिरीतून निसटलेले. ते पुरेसे आक्रमक नाहीत असं वाटून वॉशिंग्टनने अ‍ॅडमिरल गेरार्डींना आरमारासह पाठवलं. हैतीचे परराष्ट्रमंत्री आँतेनॉर फिरमँ यांनी शांतपणे एवढंच विचारलं, की वाटाघाटीचा अधिकार देणारं तुमच्या राष्ट्राध्यक्षांच्या सहीचं पत्र कुठे आहे? पत्र येईपर्यंत आठवडे गेले. ते आल्यावर फिरमँनी नकार दिला. कारण काय दिलं? बंदरात तुमच्या एवढ्या युद्धनौका उभ्या असताना आम्ही हो म्हटलं, तर ते दबावाखाली म्हटल्यासारखं दिसेल. गेरार्डी हात हलवत परत गेले.

१९१५ ला मात्र कोणी पत्र दाखवायच्या भानगडीत पडलं नाही. त्याआधीच, डिसेंबर १९१४ मध्ये, अमेरिकी मरीन सैनिकांनी हैतीच्या राष्ट्रीय बँकेतून पाच लाख डॉलरचं सोनं उचलून युद्धनौकेवर चढवलं आणि न्यूयॉर्कला नेलं. जुलै १९१५ मध्ये जमावाने राष्ट्राध्यक्ष साम यांना ठार केलं, आणि २८ तारखेला मरीन उतरले ते १९ वर्षं राहिले. परकीयांना जमीन विकत घेऊ देणारी राज्यघटना हैतीच्या संसदेने नाकारली, तेव्हा १९१७ मध्ये संसदच बरखास्त झाली. पुढच्या वर्षी मरीनच्या देखरेखीखाली सार्वमत घेतलं गेलं. बाजूने ९८ हजारांवर मतं, विरोधात आठशेसुद्धा नाहीत. रस्ते बांधले खरे, पण वेठबिगारीने. त्यातून बंड पेटलं आणि त्याचा म्होरक्या शार्लमान्य पेराल्त १९१९ मध्ये मारला गेला. सैन्य १९३४ ला परतलं, तरी तिजोरीवरची अमेरिकी देखरेख १९४७ पर्यंत चालली. जाताना मागे उरली एक केंद्रीकृत फौज. पुढची अनेक वर्षं सरकारं बसवण्या-उठवण्याचं काम तिनेच केलं.

आता सगळं पाप अमेरिकेच्या माथी मारून मोकळं होणंही मला पटत नाही. दुबळ्या देशाचे पुढारी या खेळात पटाईत होतात. १९६२ मध्ये उरुग्वेतल्या पुंता देल एस्ते इथल्या बैठकीत क्यूबाला अमेरिका खंडातल्या देशांच्या संघटनेतून (ओएएस) काढायचं होतं आणि दोन तृतीयांश मतं कशीबशी जुळत होती. हुकूमशहा फ्रान्स्वा दुव्हालिए यांच्या प्रतिनिधीने आपलं मत विमानतळासाठीच्या मदतीच्या बदल्यात दिलं. ठराव बरोबर लागतील तेवढ्याच, म्हणजे १४ मतांनी पास झाला. ‘मी कम्युनिस्टविरोधी आहे’ हे एक वाक्य बाप-लेकाच्या राजवटीला १९८६ पर्यंत पुरलं. टोंटों माकूत नावाच्या त्यांच्या गुंडांनी हजारो माणसं मारली, पण वॉशिंग्टनशी संबंध थोडे ताणले-सैल झाले, एवढंच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. डिसेंबर १९९० च्या निवडणुकीत झोपडपट्टीतले पाद्री ज्याँ-बर्त्राँ आरिस्तिद दणदणीत मतांनी निवडून आले, आठ महिन्यांत फौजेने त्यांना हाकललं आणि १९९४ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सुमारे २० हजार सैनिक पाठवून त्यांना परत बसवलं. ऐकायला छान वाटतं. पण परतीच्या सामानात आर्थिक अटी होत्या, आणि १९९५ मध्ये तांदळावरचं आयातशुल्क तीन टक्क्यांवर आलं. खाद्यतेलावरचं शुल्क उतरलं की सोयाबीनच्या भावाचं काय होतं हे लातूरकडच्या वाचकाला सांगायला नको. आर्तिबोनित खोऱ्यातला भात उत्पादक अनुदानावर पोसलेल्या अमेरिकी तांदळापुढे टिकला नाही. त्या तांदळाला तिथले लोक ‘मियामी तांदूळ’ म्हणतात. शेती सोडलेली माणसं राजधानीच्या कडेला झोपड्यांत आली, आणि २०१० च्या भूकंपात अशाच दाट वस्त्या कोसळल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये क्लिंटन यांनी सिनेटच्या समितीपुढे कबूल केलं की ते धोरण चुकलं. अर्कान्सातल्या शेतकऱ्यांना त्याचा फायदा झाला असेल, पण हैतीची स्वतःचं अन्न पिकवण्याची ताकद गेली. अर्कान्सा हे त्यांचं स्वतःचं राज्य. कबुली मोठ्या मनाची होती, पण आयातशुल्क काही त्या कबुलीने परत चढलं नाही.

आरिस्तिद २००४ मध्ये दुसऱ्यांदा गेले, अमेरिकेने दिलेल्या विमानातून. ते म्हणतात माझं अपहरण झालं, अमेरिका म्हणते त्यांनी स्वखुशीने राजीनामा दिला. मग संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली. तिच्या नेपाळी तुकडीच्या छावणीतल्या सांडपाण्यातून २०१० मध्ये कॉलरा पसरला. संयुक्त राष्ट्रांनी माफी मागितली ती २०१६ च्या डिसेंबरात.

मदतीच्या पैशाचं तुम्ही विचारलंय. भूकंपानंतरच्या तातडीच्या मदतीतला एक टक्कासुद्धा हैती सरकारच्या हाती गेला नाही. देणारे म्हणतात, सरकार भ्रष्ट आहे. भ्रष्ट आहेच! पण पैसा सरकारला वळसा घालून परदेशी संस्था आणि कंत्राटदारांकडे गेला की शाळा-दवाखाने त्यांचे होतात, शिकलेली माणसं जास्त पगारावर तिकडे जातात, आणि सरकार आणखी पोकळ होतं. मग पुढच्या वर्षी वळसा घालायला आणखी सबळ कारण मिळतं.

आणि २०२१. ७ जुलैला राष्ट्राध्यक्ष जोव्हनेल मोईस यांची त्यांच्याच घरात हत्या झाली. पंतप्रधानपदावर दोन दावेदार होते: कारभार पाहणारे क्लॉड जोसेफ, आणि हत्येच्या दोन दिवस आधी नेमलेले पण शपथ न घेतलेले एरियल हेन्री. दहा दिवसांनी अमेरिकेसह काही देशांच्या आणि संस्थांच्या राजदूतांच्या गटाने, ज्याला ‘कोअर ग्रुप’ म्हणतात, एक निवेदन काढून हेन्रींना सरकार बनवायला सांगितलं. जोसेफ बाजूला झाले. बस्स, एका निवेदनावर पंतप्रधान ठरला. सप्टेंबरमध्ये अमेरिकेचे खास दूत डॅनियल फूट यांनी राजीनामा दिला. निर्वासितांना विमानात भरून परत पाठवणं आणि बाहेरून आपल्या पसंतीचा नेता बसवणं, या दोन्हींवर त्यांनी पत्रात कोरडे ओढले. ते कोणी ऐकलं नाही.

हेन्रींनी निवडणूक घेतलीच नाही. जानेवारी २०२३ मध्ये शेवटच्या १० सिनेटरांची मुदत संपली, आणि अख्ख्या देशात राष्ट्रीय पातळीवर निवडून आलेला एकही माणूस उरला नाही. मार्च २०२४ मध्ये हेन्री सशस्त्र टोळ्यांशी लढायला केनियाचं पोलीस पथक आणण्याचा करार करायला नैरोबीला गेले असताना त्या टोळ्यांनी राजधानीचा विमानतळ बंद पाडला. त्यांचं विमान पोर्तो रिकोत उतरलं. मग जमैकात बैठक भरली, तिला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री ब्लिंकन हजर, आणि हेन्री पायउतार होणार हे जाहीर झालं. म्हणजे ज्या दाराने आले त्याच दाराने गेले, मधल्या काळात हैतीच्या मतदाराला कोणी विचारलंच नाही.

तर अमेरिकेने हात काढून घ्यावा का? मला तसं वाटत नाही, आणि शक्यही नाही. लाखो हैतीयन अमेरिकेत आहेत, त्यांनी पाठवलेल्या पैशावर तिकडची घरं चालतात, आणि इथे त्यांचा तात्पुरत्या संरक्षणाचा दर्जा (मायदेशी न धाडता राहू देणारा) २०१७ नंतर वारंवार कोर्टकचेऱ्यांत अडकला. पण हात कुठे घालायचा हे बदलता येईल. हैतीत बंदुका बनत नाहीत. टोळ्यांकडची हत्यारं मुख्यतः अमेरिकेतून येतात, त्यातली बरीचशी फ्लोरिडातून, मियामीच्या बाजूने सुटणाऱ्या मालवाहू बोटींवर कपडे आणि धान्याच्या पेट्यांत लपवून. ती खेप मियामीच्या धक्क्यावर अडवायला हैतीत सैन्य उतरवावं लागत नाही, आणि तिथे पंतप्रधान कोण असावा हेही ठरवावं लागत नाही.