बियांचा धंदा गुपचूप होत नाही

उद्योगधंद्याविषयी वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं

प्रश्न : काकू, मी कुडाळ तालुक्यातला, वय २६. पुण्याची नोकरी सोडून गावी आलोय. आमच्या वाडीत घरोघरी रातांब्यांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, सोलं (आमसुलं) करतात, आगळ म्हणजे खारवलेला रस काढतात आणि बिया उकिरड्यावर टाकतात. त्या बियांचं तेल, म्हणजे ज्याला बाजारात कोकम बटर म्हणतात, ते काढून विकायचं मनात आहे. मित्र म्हणतात, तोंड उघडू नकोस, कुणीतरी कल्पना उचलेल. आई म्हणते, आधी वाडीला सांग. काय करू?

उत्तर : आईचं ऐक. माझ्या धाकट्याच्या वयाचा आहेस, म्हणून अरे-तुरे करते.

आधी हिशेब मांडू. एका रातांब्यात पाच ते आठ बिया. सुक्या बियांच्या वजनाच्या साधारण २३ ते २६ टक्के तेल असतं. आपल्या आज्या करायच्या तसं, आतला गर कुटून पाण्यात उकळवून वर आलेलं तेल काढलं, तर तेवढंही हाती येत नाही. म्हणजे एका घरात दहा किलो सुकी बी जमली तरी तेल फार तर दोन किलो. दोन किलोसाठी साबण किंवा क्रीम बनवणारा कुणी तुझ्याशी भावाचं बोलणार नाही. चाळीस घरांची बी एकत्र आली तर चारशे किलो होते, तिथून पुढे बोलणं सुरू होतं. आता सांग, चाळीस खळ्यांतून बी उचलायची आणि कशासाठी ते सांगायचं नाही, हे आपल्याकडे जमेल का? आठ दिवसांत सगळ्यांना कळेल, आणि तू लपवलंस हेही कळेल. पुढच्या मे महिन्यात बी मागायला गेलास की दारं बंद.

चोरीच्या भीतीबद्दल स्पष्टच सांगते. कोकम बटर ही तुझी किंवा माझी कल्पना नाही. टाचांच्या भेगांना हे तेल लावणाऱ्या बायका कोकणात पिढ्यान् पिढ्या आहेत. सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्या कंपन्या ते विकत घेतातच. इतकंच काय, युरोपीय संघाच्या २००० सालच्या चॉकलेटविषयक नियमांत कोको बटरच्या जोडीला जे सहा वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थ ५ टक्क्यांपर्यंत वापरायला परवानगी आहे, त्यांत कोकम आहे. आंब्याच्या कोयीतल्या गराचं तेलही आहे, आणि आपल्याकडच्या कॅनिंगवाल्यांकडे कोयींचे ढीग पडतात, तेही डोक्यात ठेव. कायद्याचं म्हणशील तर आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात धंद्याच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही आणि पारंपरिक ज्ञानालाही नाही. तेव्हा आजीची रीत कुणी स्वतःच्या नावावर करून घेईल, ही धास्ती सोड. जगाला ठाऊक असलेली ही गोष्ट तुझ्या वाडीत अजून कुणी उभी केलेली नाही, एवढंच यात नवं आहे. ती उभी करायला माणसं लागतात.

न सांगण्याने काय होतं ते मी आमच्या शेजारच्या वाडीत पाहिलंय. दोन घरांनी एकमेकांना पत्ता लागू न देता पत्रावळीची यंत्रं घेतली. दोघांनीही कर्ज काढलं. गिऱ्हाईक तेच, आठवडी बाजार तोच. आज दोन्ही यंत्रं गोणपाटाखाली आहेत आणि दोन्ही घरं एकमेकांशी बोलत नाहीत. चैत्रात एकदा देवळात बसून बोलले असते तर एका यंत्रावर दोन घरांचा संसार चालला असता. मला याचं फार वाईट वाटतं, म्हणून हा विषय आला की मी गप्प बसत नाही.

स्वतःपाशी काय ठेवायचं, तर खरेदीदाराशी झालेली बोलणी, त्याने दिलेला भाव, तुझे जमाखर्चाचे कागद. ही तुझी मेहनत आहे, ती वाटायची गरज नाही. मात्र वाडीला बीचा भाव काय देणार, तो सगळ्यांसमोर सांग आणि बी मापून घेताना पैसे हातावर ठेव. ‘तेल विकलं गेलं की देतो’ असं बायकांना सांगू नकोस. बी धुण्याची, वाळवण्याची, निवडण्याची मेहनत त्यांची असते, आणि बचत गटांतल्या बायकांनी असली आश्वासनं खूप ऐकली आहेत.

आता या धंद्यातली खरी अडचण. ती आहे पाऊस. रातांबे एप्रिलअखेरीपासून पिकायला लागतात आणि ऐन भर येतो तोवर जूनची सर दारात असते. आगळ काढलेली बी मिठात भिजलेली असते. ती तशीच वाळवलीस तर मीठ हवेतली ओल ओढतं आणि बी आतून कधीच नीट सुकत नाही, बुरशी धरते, तेलाला खवट वास येतो. म्हणून बी दोन-तीन पाण्यांनी खळखळून धुवायची, बाहेरचा चिकट गर पूर्ण सुटला पाहिजे, मग त्याच दिवशी ऊन. ऊन नसेल तर प्लॅस्टिक कापडाचं वाळवणघर हवं. तुझा पहिला खर्च तोच असू दे. तेलाचं यंत्र इतक्यात घेऊ नकोस. कोकमाचं तेल साधारण ३८-४० अंशांच्या खाली घट्टच असतं, त्यामुळे शेंगदाण्याच्या घाण्यात ते सरळ निघेल अशी आशा धरू नकोस. पहिल्या वर्षी नीट सुकवलेली बी किंवा ती फोडून काढलेला आतला गर विक. मालाची प्रत लोकांना कळू दे. मुळदे तुझ्या जवळच आहे, तिथल्या उद्यानविद्या महाविद्यालयात जा. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातही जा. नमुना सोबत ने, नुसते प्रश्न घेऊन जाऊ नकोस.

लिपबाम, क्रीम असल्या डब्या भरायचा मोह होईल. सौंदर्यप्रसाधन बनवून विकायला परवाना लागतो, आणि त्यासाठी जागा, तपासणी, जाणकार माणूस, सगळंच आलं. सुरुवातीला सुकी बी किंवा गर विकणंच तुला परवडेल.

सांगायचं कधी, तर मार्चमध्ये. सोलं घालायला सुरुवात झाली की कुणालाच वेळ नसतो. बचत गटांची बैठक ज्या वारी असते त्या वारी जा, आईला सोबत घे आणि आधी तिला बोलू दे.

प्रश्न : ताई, मी दोडामार्ग तालुक्यातली. काजूच्या हंगामात बी काढून घेतो आणि बोंडूंचा, म्हणजे बीवरच्या रसाळ फळांचा, खच झाडाखाली कुजतो. हद्दीपलीकडे गोव्यात त्याच बोंडूंची फेणी होते. आमच्या गटाने काही करावं असं वाटतं, पण गावातले पुरुष म्हणतात, दारूशिवाय बोंडूचं काही होत नाही.

उत्तर : होतं, ताई. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथे हुर्राक (फेणीआधीची हलकी दारू) आणि फेणी हा पिढीजात आणि परवान्याचा धंदा आहे. आपल्याकडे दारू गाळायला उत्पादन शुल्क खात्याचे नियम आडवे येतात. बायकांच्या गटाने त्या वाटेला जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. तुम्ही रसाकडे वळा.

बोंडूत क जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट आहे. लोकांना नकोसा वाटतो तो घशाला बसणारा तुरटपणा. त्यावर साबुदाण्याचा उपाय आहे : साबुदाण्याचं पीठ पाण्यात शिजवून खळ करायची, लिटरभर रसाला साधारण पाच ग्रॅम साबुदाणा या मानाने ती रसात ढवळायची आणि रस न हलवता ठेवायचा. तुरटपणाचा गाळ खाली बसतो, वरचा रस अलगद ओतून घ्यायचा. मग गाळून, तापवून सरबत करा. करून पाहायला सामान तुमच्या स्वयंपाकघरातच आहे.

खरी शर्यत वेळेशी आहे. बोंडू एका दिवसात आंबायला लागतो. जमिनीवर पडून फुटलेला चालणार नाही, सकाळी वेचलेला दुपारच्या आत पिळला गेला पाहिजे. त्यामुळे हे काम एका बागायतदाराच्या आवारात लपूनछपून होण्यासारखं नाही. वेचणारी, धुणारी, पिळणारी आणि चूल सांभाळणारी, असे चार जणींचे हात एकाच सकाळी लागतात. गटात हे आत्ताच बोला, कुणाच्या झाडाखालचे बोंडू कोण घेणार हेही ठरवा. झाडांच्या मालकांना विचारा. आज ‘घेऊन जा’ म्हणणारे रस विकला जायला लागल्यावर भाव मागतील, म्हणून थोडे का होईना पैसे पहिल्या दिवसापासून द्या. विकायच्या आधी अन्नसुरक्षा नोंदणी करून घ्या.

प्रश्न : मी डोंबिवलीत राहतो, निवृत्त आहे. गावासाठी काहीतरी करावं म्हणून रातांब्याचा रस काढायचं यंत्र घेऊन पाठवतोय. योग्य आहे ना?

उत्तर : भाऊ, तुमची कळकळ पोचली. पण यंत्र पाठवू नका. ते कुणाच्या घरात ठेवायचं यावरूनच वाद होतील, आणि बिघडलं तर दुरुस्तीला तालुक्याला कोण नेणार? तुमच्याकडे गाववाल्यांकडे नाही असं एक आहे, ते म्हणजे गिऱ्हाईक. तुमच्या सोसायटीत, कचेरीतल्या जुन्या मंडळींत किती जण खात्रीचं आगळ आणि आमसुलं विकत घेतील, त्याची यादी करा. एप्रिलच्या आधी आगाऊ मागणी आणि निम्मे पैसे गावातल्या बचत गटाकडे पाठवा. त्या पैशांत मीठ, साखर, बाटल्या येतात, सावकार लागत नाही. गटाला यंत्र हवंच असेल तर प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत कर्जाला जोडून ३५ टक्के अनुदानाची तरतूद आहे, तालुका कृषी कार्यालयात सध्याची स्थिती विचारून घ्यायला सांगा.

आणि तरीही काही पैसे उरले तर कोकमाची कलमं घेऊन द्या. बीपासून लावलेल्या रोपांत निम्म्याच्या आसपास नर, म्हणजे फळ न धरणारी, निघतात आणि ते कळायला कितीतरी वर्षं जातात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ जात १९९७ ची आहे, तिची बरीचशी फळं पावसाआधी हाती येतात. मृदुकाष्ठ कलमच (कोवळ्या शेंड्यावर बांधलेलं) घ्या, आणि लावायची ती गटातल्या बायकांच्या परड्यात. आषाढात तुम्ही गावी जाणारच असाल, तर तेव्हाच नेऊन लावा.