सांगाडा की हल? वेगवान बोटीच्या तळाबद्दल थोडं

प्रश्न असा आहे: एकजण समुद्रातल्या पॉवरबोट शर्यतींवर लेखाचं भाषांतर करतायत, आणि त्यांनी वाक्य लिहिलंय, "अतिवेगात बोटीच्या सांगाड्याची रचना व सामर्थ्य अत्यंत महत्त्वाचे असते." हलला (इंग्रजीतला hull, बोटीचं पाण्यात बसणारं धड) सांगाडा चालेल का, नाही तर नौकाकाय वगैरे काही लिहू का, आणि डेडराइझ (बोटीच्या तळाच्या बाजू वर चढतात तो कोन) नावाच्या प्रकाराला मराठीत काही आहे का, असं त्यांनी विचारलंय.

माझं सरळ मत, सांगाडा नको. बऱ्याच ठिकाणी तसं छापलेलं दिसतं हे खरं, पण सांगाडा म्हणजे हाडं. बोटीत हाडं असतात, लाकडी बोटीत तर दिसतातच. मी लहानपणी मामाकडे हर्णैला जायचो तेव्हा किनाऱ्यावर बोट बांधायचं काम चाललेलं असायचं, आधी खाली लांबच लांब जाड लाकूड टाकायचे ते पठाण (नवीन वाचणाऱ्याला हा शब्द बघून भलतंच काही वाटेल, पण आपल्याकडे आणि गुजरातच्या किनाऱ्यावर तळाच्या मुख्य लाकडाला पठाणच म्हणतात), मग पुढे नाळ, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाचं लाकूड, उभी करायची, मग दोन्ही बाजूंनी वाकडी लाकडं उभी राहायची, फासळ्यांसारखी. तेवढं झालं की त्याला सांगाडा म्हणायचं. फळ्या मारल्या, फटी भरल्या, की ती बोट झाली. म्हणजे सांगाडा आत आणि पाण्याला लागते ती बाहेरची फळी, आणि इंग्रजीतला हल म्हणजे हे सगळं मिळून, किंबहुना जास्त करून बाहेरचंच. हल या शब्दाचा मूळ अर्थही शेंगेचं टरफल, धान्याचा कोंडा असाच आहे, आणि जहाजाला तो शब्द त्या शेंगेवरूनच लागला असावा असं एक मत आहे. मटाराची उघडी शेंग डोळ्यापुढे आणा, पटतं.

याचा अजून एक पुरावा आपल्या भाषेतच आहे. डोण. विहिरीपाशी गुरांना पाणी पाजायला असायची ती लाकूड कोरून केलेली डोण, आणि तशीच एक खोड कोरून केलेली होडी तीही डोण, दोन्हींचं मूळ संस्कृत द्रोणी. त्या होडीत फासळ्या नाहीत, पठाण नाही, सांगाडा म्हणावं असं काहीच नाही, पण हल आहे, किंबहुना हलच आहे. मग हल म्हणजे सांगाडा कसा होईल?

आणि तुमचा विषय तर वेगवान बोटींचा, तिथे हा फरक नुसता शब्दांचा राहत नाही. आताच्या शर्यतीच्या बोटी फायबर, केव्हलार (एक मजबूत कृत्रिम धागा), कार्बन अशा कापडांवर रेझिन चढवून केलेल्या असतात, आतून आडव्या भिंती आणि लांबीच्या दिशेने पट्ट्या असतात खऱ्या, पण भार वाहायचं बरंचसं काम कातडी स्वतःच करते. सांगाडा मजबूत असं लिहिलं की वाचणाऱ्याच्या मनात आतल्या फासळ्या येणार आणि ज्याच्यावर सगळा मार बसतो ती कातडी राहून जाणार.

नौकाकाय बद्दल, शब्द चुकीचा नाही, पण तो वाचून कोणाच्या डोळ्यासमोर काही उभं राहत नाही असं मला वाटतं. मी हल असंच लिहीन. फक्त एक काळजी घ्या, नुसतं "हल मजबूत हवा" लिहिलं तर डोळा हलणे या क्रियापदाकडे जातो, म्हणून पहिल्यांदा "बोटीचा हल" लिहा, पुढे चालतं. आणि संस्कृतात हल म्हणजे नांगर, बलराम हलधर तो त्यावरूनच. त्यात आपली अजून गंमत म्हणजे मराठीत नांगरही दोन, शेतातला लाङ्गल पासून आलेला आणि जहाजाचा फारसी लंगर पासून आलेला, दोन वेगळे शब्द घरंगळत येऊन एकाच उच्चारात बसले. म्हणजे बोटीचा हल लिहिला की मागे नांगर उभा राहतोच, आणि मला ते आवडतं, कारण हळू चालणारी बोट खरंच पाणी नांगरत जाते, पाणी दोन्ही बाजूंना सारत, मागे तास पाडत. वेग वाढला की मात्र ती नांगरणं सोडते आणि पाण्याच्या वर चढून पळायला लागते, चपटा दगड तळ्यात भिरकावला की टप्पे खात जातो तशी. तिथून पुढे तळाचा आकार हीच सगळी गोष्ट आहे.

आता डेडराइझ. याला आपल्याकडे तयार शब्द आहे आणि तो बोटवाल्यांकडे नाही, गवंड्याकडे आहे: ढाळ. छपराला ढाळ किती दिला, मोरीच्या फरशीला ढाळ नीट नाही म्हणून पाणी तुंबतं, तोच ढाळ. कौलारू छप्पर उलटं करून पाण्यात ठेवलंय असं समजा, आढं खाली पाण्यात, ते झालं पठाणाच्या जागी, आणि तिथून दोन्ही बाजू वर चढत जातात. आडव्या रेषेशी त्या जो कोन करतात तो तळाचा ढाळ. सपाट तळाला शून्य अंश, खोल व्ही तळाला वीसच्या वर. तळ जिथे संपून बाजूची भिंत सुरू होते ती जी धार, इंग्रजीत चाइन म्हणतात ती, तिला मी कंगोरा म्हणेन. विषयाचे कंगोरे लिहून लिहून आपण तो शब्द पार हवेत नेऊन ठेवलाय, मुळात तो हाताला लागणाऱ्या धारेचाच शब्द आहे.

ढाळ एवढा महत्त्वाचा का, तर आपटण्यामुळे. इथे क्रियापदं नीट वापरा अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण मराठीत आदळणे, आपटणे, धडकणे हे तीन वेगळे आहेत आणि लेखात सगळीकडे "आघात होतो" असं एकच लिहिलं तर तिन्ही मरतात. विहिरीत पोहायला शिकलेल्या कोणालाही आपटणे समजावून सांगावं लागत नाही. सूर मारला तर पाणी बाजूला होतं, त्याच उंचीवरून पोटावर पडलं तर पोट लालभडक होतं, अंग तेच, पाणी तेच, उंची तीच. बोटीचंही हेच. लाटेवरून उडालेली बोट खाली येते तेव्हा खोल व्ही तळ सूर मारतो आणि सपाट तळ पोटावर आपटतो.

याचं गणित आधी बोटींसाठी झालंच नाही, पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी झालं, १९२९ साली फॉन कार्मान आणि १९३२ साली वॅग्नर या शास्त्रज्ञांनी ते मांडलं. वॅग्नरच्या सूत्रात घालून बघितलं तर असं येतं: तळ सेकंदाला ५ मीटर वेगाने सरळ खाली आला, म्हणजे साधारण सव्वा मीटरवरून पडल्यासारखा, तर २४ अंश ढाळ असेल तेव्हा दाबाचा कळस चौरस मीटरला साधारण १७ टन येतो, आणि ढाळ १२ अंश केला की तोच ७० टनांच्या आसपास जातो. ढाळ अर्धा, दाब चौपट. हा दाब सगळ्या तळावर एकदम नसतो, पठाणापासून कंगोऱ्याकडे सरकत जाणारी एक अरुंद पट्टी असते ती, आणि सूत्र तळ अजिबात लवत नाही असं धरून चालतं, पण प्रमाण कळायला पुरे आहे.

आणि हे एकदा होत नाही. ६० नॉट म्हणजे ताशी १११ किलोमीटर, सेकंदाला जवळपास ३१ मीटर, समोरून लाटा तीस तीस मीटरवर येत असतील तर प्रत्येक सेकंदाला एकाहून जास्त लाटा, तासाभरात हजारो वेळा आपटणं. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, वाकवत राहिलं की तुटते, तसंच.

ही खोल व्ही तळाची गोष्ट जगाला पटली ती १९६० च्या मायामी ते नॅसॉ (बहामा बेटं) या पॉवरबोट शर्यतीत. त्याच्या आधीही व्ही तळ होते, पण बहुतेकांचा ढाळ पुढे भरपूर आणि मागे जाता जाता सपाट होत जायचा, कारण सपाट मागचा भाग शांत पाण्यात कमी ताकदीत उचलला जातो. रेमंड हंट या अमेरिकन डिझायनरने ढाळ मागच्या टोकापर्यंत तसाच ठेवला, साधारण २४ अंश, आणि तळाला लांबीच्या दिशेने पट्ट्या दिल्या, त्यामुळे पाणी तळावर चढत न राहता सुटून बाहेर फेकलं जातं आणि बोटीला थोडी उचलही मिळते. रिचर्ड बर्ट्रमने अशी हंटची एक छोटी बोट १९५८ साली अमेरिकेत न्यूपोर्टला, अमेरिकाज कप या शिडाच्या बोटींच्या शर्यतीच्या वेळी, खवळलेल्या पाण्यात पळताना पाहिली आणि स्वतःसाठी मोठी बांधून घेतली, ३० फुटी, लाकडी, नाव मॉपी. खवळलेल्या समुद्रात मॉपी पहिली आली, दुसरी आली तीही हंटच्याच तळाची, आणि बाकीच्या दुसऱ्या दिवशी. मग त्याच मॉपीवरून साचा काढून फायबरची बर्ट्रम ३१ निघाली. या तळाचा तोटाही आहे, तो लपवू नका: उभी असताना ती जास्त डुलते आणि तेवढ्याच वेगाला इंजिन जास्त लागतं.

आणि इथे आपल्या मुंबईचा एक धागा आहे, तो तुमच्या लेखात नसेल तर टाकाच. रेनाटो लेव्ही, सगळे सनी लेव्ही म्हणायचे, १९२६ साली कराचीत जन्मलेला इटालियन माणूस, दुसऱ्या महायुद्धानंतर वडिलांच्या मुंबईतल्या आफ्को नावाच्या बोटयार्डात कामाला लागला आणि त्याच्या सुरुवातीच्या वेगवान बोटी तिथेच बांधल्या गेल्या. पुढे तो युरोपात गेला आणि नाळेकडे निमुळता, मागे रुंद असा त्याचा डेल्टा आकार गाजला. त्याच्या सरफ्युरी या बोटीने १९६७ ची इंग्लंडमधली काउज ते टॉर्की शर्यत जिंकली, तीही पातळ लाकडाचे थर एकावर एक चिकटवून बांधलेली. बोटबांधणीत तो शिकला ते आपल्या किनाऱ्यावर, आणि आपल्याकडे त्याचं नाव फारसं कोणाला माहीत नसतं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता तुमच्या वाक्यातला दुसरा शब्द, सामर्थ्य. बोटीच्या बाबतीत हा एक शब्द तीन गोष्टी झाकतो आणि बोलीत तिन्हीला वेगळे शब्द आहेत: बळकट, ताठ, चिवट. बळकट म्हणजे भार घेऊन तुटत नाही. ताठ म्हणजे भार घेऊन वाकत नाही. चिवट म्हणजे फटका बसला तर तडकून दोन तुकडे होत नाही, फाटलं तरी धरून ठेवतं. कार्बन बळकट आणि फार ताठ, पण चिवट नाही. केव्हलार चिवट. म्हणून दोन्ही मिसळून वापरतात. दोन पातळ कातड्यांच्या मध्ये फोम किंवा बाल्सा लाकडाचा हलका गाभा घालतात तेव्हा वजन फारसं न वाढता तळ ताठ होतो, पण आपटून आपटून कातडी गाभ्यापासून सुटते आणि मग बाहेरून सगळं ठीक दिसत असताना तळ आतून निकामी झालेला असतो. याला डिलॅमिनेशन लिहू नका हो, आपल्याकडे भाकरीला पापुद्रा सुटतो, तेच आहे हे. तळाचे पापुद्रे सुटले. कोणालाही कळेल.

चिवटपणाचं उदाहरण हवं असेल तर व्हर्जिन अटलांटिक चॅलेंजर, अटलांटिक ओलांडायचा विक्रम करायला निघालेली पॉवरबोट. १९८५ साली ती अटलांटिक जवळजवळ ओलांडून आली होती, ब्रिटनचा किनारा थोडाच राहिला होता, आणि पाण्यात तरंगणाऱ्या कशालातरी धडकून हल फुटला आणि ती बुडाली. इथे आपटली लिहायचं नाही, इथे धडकली. लाटांवर आपटत तिने हजारो मैल काढले होते, एक धडक पुरली. पुढच्या वर्षी दुसरी चॅलेंजर ३ दिवस ८ तास ३१ मिनिटांत पार गेली, आणि तिचा आराखडा सनी लेव्हीचाच.

मार्च २०१६ मध्ये मरीन ड्राइव्हसमोर पी-वन पॉवरबोटींची शर्यत झाली होती, ज्यांनी ती पाहिली त्यांना तो आवाज आठवत असेल, इंजिनाचा नाही, तळाचा, प्रत्येक लाटेला फाट फाट. तो आवाज तुमच्या वाक्यात आला पाहिजे असं मला वाटतं. म्हणून मी ते वाक्य मोडून असं लिहीन: "एवढ्या वेगात बोटीचा हल प्रत्येक लाटेवर आपटतो, तळाला ढाळ पुरेसा असेल तर तो पाण्यात सूर मारतो, नसेल तर पोटावर पडतो, आणि तासन्‌तास हे सोसायचं तर हल नुसता बळकट असून भागत नाही, तो ताठही लागतो आणि चिवटही." मूळ एका वाक्याचं लांब झालं, पण संपादकांनी कापायला सांगितलं तर शेवटचे तीन शब्द तेवढे वेगळे ठेवा, त्यांचं परत सामर्थ्य करू नका.