ट्रान्स व्यक्तींवरचे गोळीबार : तुमचे प्रश्न

अमेरिकेत ट्रान्स व्यक्तींवर, म्हणजे जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा वेगळी लिंगओळख असलेल्यांवर, होणाऱ्या गोळीबारांबद्दल बरीच पत्रं आली. त्यांतली पाच घेते आहे.

प्रश्न : असे हल्ले क्लब-बारमध्येच होतात ना? मग तिथे जाणंच टाळलं तर?

बातम्या वाचून असं वाटतं खरं. १९ नोव्हेंबर २०२२ च्या रात्री कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या ‘क्लब क्यू’ या समलैंगिक आणि ट्रान्स लोकांच्या नाइटक्लबमध्ये पाच जण मारले गेले, त्यांत दोघं ट्रान्स. ही बातमी जगभर गेली. पण ट्रान्स व्यक्तींचे बहुतेक खून एकेकटे होतात. खोलीत, गाडीत, रस्त्याच्या कडेला. हत्यार बहुतेक वेळा बंदूकच. आणि मारेकरी सापडलाच तर अनेकदा ओळखीतला निघतो. बळींमध्ये कृष्णवर्णीय ट्रान्स स्त्रिया सर्वांत जास्त. घरच्यांनी हाकललेलं, नोकरी मिळत नाही, म्हणून जो थारा देईल त्याच्याकडे राहायचं. मग धोका दिसला तरी उठून जाणार कुठे?

क्लब टाळून यातलं काहीच टळत नाही. ‘क्लब क्यू’मध्ये हल्लेखोराला खाली पाडलं ते कुटुंबासोबत आलेल्या एका माजी लष्करी अधिकाऱ्याने. नौदलातला एक जण मदतीला धावला आणि एका स्त्रीने हल्लेखोराला उंच टाचांनी तुडवलं. सुरुवातीच्या बातम्यांत तिला ड्रॅग कलाकार, म्हणजे भडक स्त्रीवेषात कार्यक्रम करणारी व्यक्ती, म्हटलं होतं. ती ट्रान्स स्त्री होती, हे मागाहून कळलं.

प्रश्न : मृत ट्रान्स व्यक्तीचं जन्मावेळचं जुनं नाव बातमीत छापलं तर एवढं काय बिघडतं? कागदोपत्री तेच असतं.

तपास बिघडतो. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये २०१८ साली फेब्रुवारी ते जून या काळात तीन कृष्णवर्णीय ट्रान्स स्त्रिया गोळ्या घालून मारल्या गेल्या. पोलिसांनी त्यांची ओळख पुरुष म्हणून दिली. आता विचार करा, तिला शेवटचं पाहिलं ती शेजारीण, तिची मैत्रीण, तिला रोज चहा देणारा. हे सगळे तिला ओळखतात ते तिच्या नावाने. बातमीत भलत्याच पुरुषाचं नाव आलं तर साक्षीला पुढे येणार कोण? शिवाय मृत ट्रान्स होती, हेच नोंदवलं गेलं नाही तर ती आकडेवारीतही येत नाही. लिंगओळखीवरून होणारे हल्ले २००९ पासून अमेरिकेच्या संघीय द्वेषगुन्हे कायद्यात आहेत, पण एफबीआयला आकडे कळवायचे की नाही, हे स्थानिक पोलिसांच्या मर्जीवर. त्यामुळे दरवर्षी जाहीर होणारा आकडा कमीच धरावा.

प्रश्न : माझं लेकरू टेक्सासमध्ये शिकतं. आता पिस्तूल घेते म्हणते. मी काय सांगू?

ताई, तुमच्या पत्रात दोनदा ‘तो’ लिहून खोडलंय आणि वर ‘ती’ केलंय. तुम्ही निम्मं काम आधीच केलंय.

तिची भीती खोटी नाही, तेव्हा खोडून काढू नका. पण अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात, आणि बंदुकीने केलेला प्रयत्न क्वचितच फसतो. नाकारलं गेल्याचा ताण सोसणाऱ्या तरुण ट्रान्स मुलांत आत्महत्येचे विचार जास्त आढळतात. म्हणून आधी विचारा : झोप लागते का? रात्री फोन कोणाला करतेस? मग आत्महत्येबद्दलही थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल, ही भीती मनातून काढा. तरीही घेणारच असेल तर कुलूपबंद पेटी हवी, गोळ्या वेगळ्या. मन फारच खचलं तर काही दिवस पिस्तूल घराबाहेर ठेवायचं, हे दोघींनी आजच ठरवा.

प्रश्न : व्हॉट्सअॅपवर फिरतंय की शाळांमध्ये गोळीबार ट्रान्स लोकच करतात.

चूक. २०२३ ची नॅशव्हिलची घटना आणि २०२५ ची मिनियापोलिसची, अशी दोनचार नावं पुन्हा पुन्हा फिरवली जातात. सामूहिक गोळीबार करणारे जवळपास सगळे ट्रान्स नसलेले पुरुष असतात. पुरुषांवर बंदी घाला, असं मात्र कोणी म्हणत नाही.

प्रश्न : मी ट्रान्स नाही. दरवर्षी मेणबत्ती लावते. एवढं पुरेसं आहे?

मारल्या गेलेल्या ट्रान्स व्यक्तींचा २० नोव्हेंबरचा स्मृतिदिन १९९९ पासून पाळला जातो. त्याच्या आदल्या वर्षी बॉस्टनमध्ये रीटा हेस्टर या कृष्णवर्णीय ट्रान्स स्त्रीचा खून झाला होता. मेणबत्ती जरूर लावा, नावं मोठ्याने वाचा. पण ती यादी लांबू नये म्हणून जे करायचं ते उरलेल्या ३६४ दिवसांत. वर्तमानपत्राने जुनं नाव छापलं तर त्याच दिवशी संपादकाला लिहा. अमेरिकेत राहत असाल तर बंदूक विकताना खासगी विक्रेत्यालाही गिऱ्हाइकाच्या पार्श्वभूमीची तपासणी सक्तीची करा, ही मागणी तुमच्या लोकप्रतिनिधीकडे लावून धरा. संघीय कायदा ती फक्त परवानाधारक विक्रेत्यांना लावतो. आणि ओळखीत कोणी ट्रान्स असेल, तिचा जोडीदार हात उगारतो अशी शंका असेल, तर तुमच्या घरी एक जादा गादी आहे हे तिला आधीच सांगून ठेवा. किल्ली कुठे असते, तेही.