‘आज बॅकग्राउंड चेक, उद्या जप्ती’ हा युक्तिवाद म्हणजे निव्वळ तर्कदोष आहे का?

नाही. आणि हे म्हणणारा मी अमेरिकेतल्या बॅकग्राउंड चेकच्या, म्हणजे बंदूक विकण्याआधी घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासण्याच्या, बाजूचा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना माझी बाजू शोधत बसायला नको.

तुम्ही लिहिलंय की टेक्सासमधल्या आतेभावाशी बोलताना तो म्हणाला, “आज प्रत्येक विक्रीला चेक, उद्या प्रत्येक बंदुकीची नोंदणी, परवा पोलीस दारात.” त्यावर तुम्ही “हा तर स्लिपरी स्लोप, लॉजिकच्या पहिल्या तासाला शिकवतात” असं म्हणालात आणि तो चिडला. स्लिपरी स्लोप म्हणजे निसरडा उतार: एक पाऊल टाकलं की तळापर्यंत घसरणारच, असं धरून चालणं. मी त्याच्या जागी असतो तर मीही चिडलो असतो.

कारण ज्याला पुस्तकात तर्कदोष म्हणतात त्यालाच आपल्या आज्या शहाणपण म्हणत आल्या. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो. या म्हणीत आजच्या घटनेबद्दल तक्रारच नाही, म्हातारीचं वय झालंच होतं. तक्रार आहे ती उद्याबद्दल. हा युक्तिवाद म्हणजे भाकीत आहे, आणि भाकिताला ‘दोष’ म्हणून निकालात काढता येत नाही. ते खरं ठरण्याची शक्यता किती आणि कशामुळे, एवढंच विचारता येतं. काळ सोकावणार तो कसा, हे सांगणाऱ्याला नीट सांगता आलं तर ऐकायचं. नुसतं ‘सोकावतो हो’ म्हणत बसला तर चहा पाजून वाटेला लावायचं.

आपल्याकडे याच जातीची दुसरी म्हण आहे: भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. वरवर दोन्ही सारख्या वाटतात, पण नाहीत. ओसरीवर आलेल्या पाहुण्याच्या मनात पहिल्यापासून माजघर आहे. काळाच्या मनात काही नाही, त्याला फक्त रस्ता सापडला. अमेरिकेतल्या बंदुकीच्या वादात या दोन गोष्टींची इतकी सरमिसळ होते की कोण कशाला उत्तर देतोय तेच कळत नाही. ‘आमच्या मनात जप्ती नाही’ हे पहिल्या म्हणीला उत्तर होऊच शकत नाही.

बरं, पाहुण्यांच्या मनात माजघर नाही हेही सगळ्यांनी नीट सांभाळलेलं नाही. १९७६ साली, पुढे हँडगन कंट्रोल या नावाने ओळखल्या गेलेल्या बंदूकनियंत्रणवाल्या संघटनेचे पीट शील्ड्स यांनी एका मुलाखतीत पायऱ्याच सांगितल्या होत्या: आधी उत्पादन कमी, मग नोंदणी, आणि शेवटी सर्वसामान्यांनी पिस्तूल बाळगणंच बेकायदा. १९९५ मध्ये सिनेटर डायॅन फाइन्स्टाइन टीव्हीवर म्हणाल्या की ५१ मतं मिळाली असती तर सगळ्यांकडून परत घेतल्या असत्या. त्या ‘असॉल्ट वेपन’ म्हणवल्या जाणाऱ्या, लष्करी धाटणीच्या बंदुकांबद्दल बोलत होत्या, पण तेवढं वाक्य कापून गेली तीस वर्षं फिरतंय. २०१९ मध्ये अध्यक्षपदाच्या डेमोक्रॅट इच्छुकांच्या ह्यूस्टनमधल्या वादचर्चेत बेटो ओ’रुर्क यांनी तर छातीठोकपणे सांगितलं की आम्ही तुमच्या एआर-१५ रायफली घेणारच. टेक्सासचाच माणूस, टेक्सासमध्येच. त्यानंतर तुमच्या आतेभावाला ‘असं कोणी म्हणत नाही’ हे सांगायला तोंड राहत नाही.

हेतू बाजूला ठेवू. रस्ता तयार होतो का, ते बघू.

न्यूयॉर्क शहराचं उदाहरण बंदूकवाले नेहमी देतात, आणि ते खरं आहे. १९६७ मध्ये शहराने रायफली आणि शॉटगनची नोंदणी सक्तीची केली. १९९१ मध्ये शहराने ठरावीक प्रकारच्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलींवर बंदी आणली, आणि ज्यांनी कायदा पाळून नोंदणी केली होती त्यांनाच पत्रं गेली: बंदूक शहराबाहेर न्या, निकामी करा किंवा जमा करा. ज्याने नोंदणीच केली नव्हती त्याला पत्र कुठून जाणार? यादी हाताशी नसती तर बंदीची अंमलबजावणी अवघड आणि महाग पडली असती. यादीने दुसरं पाऊल स्वस्त केलं. यूजीन व्होलोख या कायद्याच्या प्राध्यापकाने २००३ मध्ये हार्वर्ड लॉ रिव्ह्यूत अशा उतारांची यंत्रणा वेगवेगळी करून दाखवली आहे, त्यातली ही सगळ्यात साधी: पहिल्या पावलाने दुसऱ्याचा खर्च उतरतो. कोणाच्या मनात पाप असण्याची गरजच नाही.

आता मशीनगन बघा. १९३४ च्या केंद्रीय कायद्याने मशीनगनला नोंदणी आणि २०० डॉलर कर लावला. त्या काळी ही रक्कम बंदुकीच्या किमतीएवढी होती. बंदी नव्हती. पुढे १९८६ मध्ये नोंदणीचं दारच बंद केलं: त्या वर्षीच्या १९ मे नंतर बनलेली मशीनगन सामान्य नागरिकाला घेता येत नाही. म्हणजे नोंदणीपासून नव्या मालावर बंदीपर्यंत जायला ५२ वर्षं लागली. आतेभाऊ म्हणेल, बघ, झालंच ना. पण याच गोष्टीचं दुसरं टोक तो सांगणार नाही. १९८६ पूर्वी नोंदलेल्या मशीनगन आजही कायदेशीर आहेत, विकल्या जातात, हजारो डॉलरना. सरकारकडे मालकांची यादी नव्वद वर्षं आहे आणि त्या यादीवरून घरोघर जाऊन कोणी काही गोळा केलेलं नाही. उतार होता, पण गाडी मधेच थांबली.

तुमच्या वादात होतं ते बॅकग्राउंड चेकचं. दुकानातून बंदूक घेताना केंद्रीय कायद्याने तपासणी होते, पिस्तुलांची १९९४ पासून आणि सगळ्याच बंदुकांची १९९८ पासून. खाजगी माणसाकडून घेतली तर अनेक राज्यांत होत नाही. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूक शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली, त्यानंतर डेमोक्रॅट सिनेटर मँचिन आणि मी राहतो त्या पेनसिल्व्हेनियाचे रिपब्लिकन सिनेटर टूमी यांनी गन शो, म्हणजे बंदुकांची प्रदर्शनं, आणि इंटरनेटवरच्या विक्रीलाही तपासणी लावण्याची सूचना आणली. उताराची भीती माहीत असल्याने त्यांनी त्यातच लिहून ठेवलं होतं की या नोंदींवरून कोणी बंदुकांची यादी तयार केली तर १५ वर्षांपर्यंत तुरुंग. एप्रिल २०१३ मध्ये सिनेटमध्ये मतदान झालं. ५४ विरुद्ध ४६. लागत होती ६०.

विरोधकांचं म्हणणं काय होतं? दोन माणसांनी गॅरेजमध्ये केलेला व्यवहार तपासणीशिवाय झाला हे सिद्ध कसं करणार? आधी ती बंदूक कोणाकडे होती हे माहीत असेल तरच. म्हणजे सार्वत्रिक तपासणी नीट चालवायची तर आज ना उद्या यादी लागणार. मला हे पहिलं पाऊल पटतं. न्याय खात्याच्या संशोधन संस्थेतल्या त्या वेळच्या एका टिपणातही हेच लिहिलं होतं, आणि एनआरए या बंदूकवाल्यांच्या बड्या संघटनेने ते हाती लागताच जाहिरातीत वापरलं.

पण उतार सांगणारे इथे एक लबाडी करतात. पहिल्या पायरीला पुरावा देतात आणि उरलेल्या तीन पायऱ्या त्याच दमात मोजतात. तपासणीतून यादी, यादीतून काही प्रकारांवर बंदी, तिथून सगळ्यांवर बंदी, तिथून घरोघर जप्ती. समजा यातली प्रत्येक पायरी घडण्याची शक्यता शंभरात साठ, म्हणजे मी उदार होतोय. चारही एकामागोमाग घडण्याची शक्यता शंभरात तेरा उरते. आणि तिसऱ्या पायरीला साठ कसले देता? २००८ मध्ये हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घरात संरक्षणासाठी पिस्तूल ठेवणं हा व्यक्तीचा घटनात्मक हक्क आहे असं सांगितलं, पाच विरुद्ध चार. देशात नागरिकांकडे ३९ कोटींहून जास्त बंदुका असल्याचा अंदाज आहे, माणसांपेक्षा जास्त. ब्रिटनमध्ये डनब्लेनच्या शाळेतल्या गोळीबारानंतर १९९७ मध्ये पिस्तुलांवर बंदी आली, कारण तिथे पिस्तूलवाले मूठभर होते. इथे दर तीन प्रौढांत एकाकडे स्वतःची बंदूक आहे. त्यांची मतंच उताराला टेकू लावून उभी आहेत.

या भीतीची किंमत मात्र रोज मोजली जाते. वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्ग नावाचं गाव आहे, तिथे बंदुकांचा माग काढणारं केंद्रीय कार्यालय आहे. गुन्ह्यात सापडलेली बंदूक कोणाची हे शोधायचं तर आधी कारखान्याला फोन, मग घाऊक व्यापाऱ्याला, मग दुकानदाराला, आणि दुकानदार फायलीतून फॉर्म काढून नाव सांगतो. दुकान बंद पडलं असेल तर त्याची सगळी कागदपत्रं खोक्यांत भरून या गावी येतात. जागा पुरेना म्हणून आवारात मालवाहू कंटेनर ठेवून त्यात खोकी रचली होती. कागद स्कॅन करतात, पण चित्र म्हणून, आणि मालकाच्या नावावरून शोधता येऊ नये हे मुद्दाम. कारण १९८६ च्याच कायद्याने केंद्राला बंदूकमालकांची यादी ठेवायला मनाई आहे. दुकानातली तपासणी पास झाली की तिची नोंद २४ तासांत पुसावी लागते. आपल्या तलाठी कार्यालयाला नावं ठेवणाऱ्यांनी हे एकदा डोळ्यांखालून घालावं. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव निदान सापडतं तरी.

आणि तुमच्या आतेभावाला एक प्रश्न जरूर विचारा: गेल्या चाळीस वर्षांत अमेरिका प्रत्यक्षात कुठल्या बाजूला घसरली? त्याच्याच टेक्सासात १९९५ मध्ये कायदा आला: वर्गात बसा, नेमबाजीची चाचणी द्या, परवाना घ्या, मग पिस्तूल कपड्याखाली लपवून बाळगा. विरोधक तेव्हा म्हणाले, ही सुरुवात आहे. त्यांना घाबरट ठरवलं गेलं. २०१६ मध्ये परवानाधारकांना उघड बाळगायची आणि सरकारी विद्यापीठात न्यायची मुभा मिळाली. २०२१ मध्ये परवानाच ऐच्छिक झाला. १९९० मध्ये परवान्याशिवाय पिस्तूल बाळगू देणारं राज्य एकच होतं, व्हर्माँट. २०२४ पर्यंत ती २९ झाली. १९९४ ची असॉल्ट वेपनवरची बंदी तर दहा वर्षांच्या मुदतीची होती, २००४ मध्ये मुदत संपली आणि ती गेली. ओसरी कोणाला दिली आणि हातपाय कोणी पसरले, हे एकदा मोजून बघा म्हणावं.

माझी स्वतःची अडचण वेगळी आहे. मी कुडाळ तालुक्यातला. आमच्या घरी बाबांच्या नावावर शेतीसंरक्षण परवान्याची एकनळी काडतुसाची बंदूक आहे. सिंधुदुर्गात अशी घरं खूप. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची. २०२४ मध्ये दोनदा झालं, लोकसभेला आणि मग नोव्हेंबरमध्ये विधानसभेला, आणि दुसऱ्या वेळी भात कापणीला आलेलं. बाबा फोनवर म्हणाले, “डुकरांका खंयची आचारसंहिता?” पण ‘आता परत देणार नाहीत’ असं त्यांच्या तोंडून कधी आलं नाही.

खरं तर उतार आपल्याकडेही आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात किती बंदुका यावर मर्यादा नव्हती. १९८३ मध्ये तीनची आली, २०१९ मध्ये दोनची. त्या वेळच्या विधेयकात तर आधी एकच लिहिली होती. मी बाबांना विचारलं, तुम्हाला कळलं का हे? “आपल्याकडे एकच आसा,” म्हणाले. तीनवाल्यांसाठी एकवाला कशाला भांडेल? उतार असाच गुपचूप सरकतो. अमेरिकेतला एकवाला भांडतो, दहावाल्यासाठीसुद्धा, तेच तिथलं सगळं राजकारण आहे.

इथे पेनसिल्व्हेनियात आमच्या शेजारी एक निवृत्त गिरणी कामगार राहतात. नोव्हेंबरअखेर हरणांच्या शिकारीचा हंगाम येतो, तेव्हा आमच्याकडे अनेक शाळांना सोमवारी सुट्टी असते, आणि हे आजोबा नातवाला घेऊन पहाटे निघतात. मागच्या वर्षी त्यांना आमच्या बंदूक जमा करण्याची गोष्ट सांगितली. पोलीस येत नाहीत, बाबाच स्कूटरवरून नेऊन देतात, हे त्यांना दोनदा सांगावं लागलं.

“आणि परत मिळते?”

दरवेळी मिळते, म्हटलं.

ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, “पावती देतात का?”

देतात. सगळ्या पावत्या बाबांनी बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या आहेत, १९९५ पासूनच्या.